देवघरात ठेवलेला शब्दकोश

“पान उलटताना थुंकी लावायची न्हाई. बोट कोरडं पाहिजे. अन् दिवसाला एकच अर्थ. दोन न्हाई.”

हा आवाज आश्रुबा गुरुजींचा. मित्रांनो, मी त्यांचा जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. तो आवाज आता या घरात नाही. माझ्या पानांना सवय मात्र तीच राहिली आहे.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. गुरुजींना नोकरी लागली त्या आठवड्यात त्यांनी मला बीडच्या दुकानातून घरी आणलं. मग आधी वडवणी, नंतर गेवराई आणि शेवटी आमचं नांदूरघाट, असा मी त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवरून शाळेत जात राहिलो. पिशवीत मी आणि भाकरीचं फडकं शेजारी-शेजारी असायचो. माझ्या पाठीवर ठेच्याच्या तेलाचा डाग आहे, तो तेव्हाचा. वर्गात मुलं माझ्याभोवती गर्दी करायची. हवा तो शब्द सापडला की विहिरीत पडलेली बादली वर आल्यासारखी ओरडायची.

पुढे मोबाइल आले. गुरुजी निवृत्त झाले. मी कपाटात जुन्या वह्यांच्या खाली गेलो. तिथे नऊ वर्षं गेली म्हणे. मला वाईट वाटलं का, ते सांगता येणार नाही. मिटलेल्या पुस्तकाला दिवस कळत नाहीत.

मला पुन्हा बाहेर काढलं ते ऋतुजासाठी. ती आठवीत होती. तिचे आईवडील दर दसऱ्यानंतर लांबच्या कारखान्याकडे ऊस तोडायला जात. या वर्षी धाकट्या भावाला सांभाळायला तिलाही नेणार होते. गुरुजी तिच्या वडिलांना, शहादेवला, गाठायला गेले. मी त्यांच्या काखेत होतो.

“शहादेव, पोरीला नेतोस तर ने. पण रोज सांजच्याला माझा फोन घ्यायचा. मी हितून शिकवतो. परीक्षेला तिला परत आणायची.”

“गुरुजी, तुमचा फोन येतोय तवर तिच्या वहीला मी हात लावणार न्हाई,” शहादेव म्हणाला. “फोन थांबला की मंग आमचं आमी बघू.”

आमचं आमी बघू म्हणजे पोरीचं लग्न बघू. हे सगळ्यांना कळत होतं, म्हणून कुणी विचारलं नाही.

गुरुजींच्या घरात फोनला रेंज नसायची. ते रोज दिवेलागणीला मला घेऊन मुंजोबाच्या पारावर बसायचे आणि तिथून फोन लावायचे. बरेच शब्द झाले. पौषात ‘रन’ आला. माझ्याकडे सगळ्यात जास्त जागा खाणारा शब्द हाच.

“गुरुजी, रन म्हंजे पळणं. झालं की!” ऋतुजा म्हणाली.

“झालं कसं? हितं बासष्ट अर्थ हायेत.”

“बासष्ट! एकट्या शब्दाला एवढी कामं कावून लावत्यात?”

“तुझ्या आईला कावून लावत्यात?”

पलीकडून तिच्या आईचा आवाज आला, “बरं इचारलं गुरुजी! पुन्यांदा इचारा, ह्यांनाबी ऐकू जाऊ द्या!”

मग रोज एक अर्थ. नदी वाहते तोही ‘रन’. यंत्र चालतं तोही. कुणी दुकान चालवतं, कुणी सरपंचकीला उभं राहतं, एसटी ठरल्या रस्त्यानं फेऱ्या मारते, सगळीकडे तोच शब्द. ऋतुजानं समोर दिसेल त्यावरून वाक्य करायचं, असं ठरलं होतं. तिनं कारखान्याचं केलं, पाण्याच्या टँकरचं केलं. एकदा तिच्या गणवेशाचा निळा रंग धुताना भावाच्या पांढऱ्या सदऱ्याला लागला, तर रंग उतरण्याचा अर्थ तिला आयताच मिळाला. त्या दिवशी गुरुजी पारावर एकटेच किती तरी वेळ हसत होते. अर्थ झाला की ते माझ्या समासात शिसपेन्सिलनं बारीक खूण करायचे आणि शेजारी तिथी लिहायचे.

चौतिसावी खूण माघ वद्य पंचमीची आहे. षष्ठीला पहाटे गुरुजी उठले नाहीत.

चतुराबाई, गुरुजींच्या पत्नी, नेमाच्या बाई. सोमवार, एकादशी, तुळशीला एकवीस प्रदक्षिणा, रोज पोथीचा एक अध्याय. यातलं त्यांचं काही चुकलं नाही, सुतकात थांबलं तेवढंच. चौदाव्या दिवशी त्यांनी मला लाल खणात बांधून देवघरात पोथीशेजारी ठेवलं. रोज सकाळी मला हळदकुंकू आणि एक फूल मिळू लागलं. संध्याकाळी त्या गुरुजींचा फोन चार्जिंगला लावायच्या. कुणासाठी लावता, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. ती फोनची वेळ होती, एवढंच. त्या रडल्या नाहीत. जेवायच्या, पण काय जेवलो ते त्यांच्या ध्यानात राहत नसे. आम्ही दोघं एका घरात सारखेच मिटून होतो.

होळीच्या आदल्या दिवशी शहादेवची आई छबुबाई आली. मला बघून तिनं तोंडाला पदर लावला.

“आगं बया! आक्का, इंग्रजी पुस्तकाला कुंकू? एखांद्या दिशी गोरा सायेबच पावंल तुमाला.”

चतुराबाई हसल्या नाहीत. “ह्यांचा हात होता त्याच्यावर.”

छबुबाई गुडघे धरून खाली बसली. “शहादेवचा फोन आलता. पोरगी आता फडात जाती, मोळ्या बांधती. वही गुंडाळून ठिवली. पाडव्यानंतर पाव्हणे येणारेत बघाया.”

“चौदाची हाय ना गं ती?”

“मी म्हनले की. तर म्हनतो, गुरुजींचा फोन हुता तवर थांबलो, आता कुनाच्या नावानं थांबू? आन् ते लेकरू, आक्का, रोज सांजच्याला फोन मांडीवर घिऊन बसतंय म्हनं. वाजतच न्हाई.”

ती गेल्यावर चतुराबाई वाती वळत बसल्या. चार वळल्या. मग हात थांबला. त्यांनी मला खाली घेतलं आणि खणाची गाठ सोडली. कुंकू आत झिरपून माझ्या कडा चिकटल्या होत्या. त्यांनी बोट पदराला पुसून कोरडं केलं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण चाळीस वर्षं त्या ऐकत होत्या.

गुरुजींनी खुणेला ठेवलेलं एसटीचं तिकीट होतं, तिथेच मी उघडलो. चतुराबाईंना इंग्रजी येत नाही. पण मी निम्मा मराठी आहे. पोथी वाचतात तसं त्या ओळीखाली बोट फिरवत गेल्या. खूण, तिथी. खूण, तिथी. चौतीसपर्यंत. खाली अठ्ठावीस अर्थ कोरे.

पारायण मधेच सोडायचं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वाचणारा राहिला नाही तर घरातल्या दुसऱ्यानं पुढं वाचून सांगता करायची असते.

“अर्धंच ठिवलं की हो तुमी,” त्या म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं.

त्यांनी पस्तिसावा अर्थ वाचला. (नाक, डोळे) गळणे, वाहणे. दोनदा वाचला. त्यांचे डोळे कोरडेच होते.

मित्रांनो, मला देवघरात मान मिळाला, रोज फूल मिळालं. मी नाव ठेवत नाही. पण तुमच्या घरी असं एखादं पुस्तक बांधून ठेवलेलं असेल, तर त्याची गाठ सोडा. हात धुवा, बोट कोरडं करा आणि वाचा. कुणाला तरी वाचून दाखवा. पुस्तकाची काळजी म्हणजे एवढीच.

चतुराबाईंनी देवापुढे दिवा लावला. ओल्या फडक्यानं माझ्या पाठीवरचं कुंकू पुसलं. तेलाचा डाग तसाच राहिला. फोनची वायर काढली. हिरवं बटण दोनदा दाबलं की शेवटचा नंबर पुन्हा लागतो, हे त्यांनी गुरुजींना करताना पाहिलं होतं. शेवटचा नंबर ऋतुजाचाच होता. त्यांनी फडताळातली शिसपेन्सिल घेतली, डोक्यावर पदर घेतला आणि मला काखेत धरलं.

छबुबाई तिच्या घराच्या ओट्यावर शेंगा फोडत होती. “आक्का, दिवेलागणीचं कुठं निघाल्या?”

“पारावर. तिथं रेंज असती.”

आणि मधे कुठेही न थांबता त्या रोजच्या प्रदक्षिणेच्या चालीनं पाराकडे चालत राहिल्या.