धुतला की नवा

मी गाडीच्या नाकातला फिल्टर बोलतोय. किल्लारीच्या रविकांतची सात सीटची गाडी लातूरला भाड्यानं पळते. तिच्या बोनटखाली एक काळा डबा आहे, त्या डब्यात मी राहायचो. इंजिनाला लागणारी हवा माझ्यातून गाळून जायची. मला तोंड नाही, हात नाहीत. असते तर पुढचं काही घडलंच नसतं.

मी कागदाचा नाही. कापसाच्या कापडाचे पदर, दोन्ही अंगांनी तारेची जाळी आणि कडेनं लाल रबर, असा माझा जीव. कापडाला थोडं चिकट तेल लावलेलं असतं, त्यात धूळ अडकते. कागदी फिल्टर मळला की फेकून देतात. मला धुवायचं, वाळवायचं, तेल लावायचं आणि परत बसवायचं. लातूरच्या भुजंग मिस्त्रीच्या दुकानात मी खोक्यात होतो, तेव्हा तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "धुतला की नवा."

रविकांतला देताना त्यानं बाकीचंही सांगितलं होतं. सावलीत पूर्ण वाळू द्या. तेल ह्या बाटलीतलंच, घडीघडीवर एक बारीक रेघ, जास्त नाही. आणि उसाचा सीझन लागून रस्त्यावर पिठावानी धूळ उडायला लागली की मला काढून कागदीच बसवा. बारीक धूळ कागद धरतो तशी मी धरत नाही. खोटं कशाला बोलू, खरंच आहे ते. पण तेव्हा रविकांतच्या कानाला फोन होता, स्टँडवर पॅसेंजर थांबले होते. त्याच्या ध्यानात तेवढंच राहिलं, धुतला की नवा.

पहिले दिवस चांगले गेले. गाडी चढाला हलकी झाली म्हणून रविकांत ज्याला त्याला माझं कौतुक सांगायचा. मीही फुगलो. आपल्यावाचून गाडीचं पान हलत नाही असं वाटायला लागलं.

त्याच्या घरात तिघंजण होती. आई शरणम्मा, बायको उज्वला आणि दीड वर्षाचा शिवांश. लेकराची छाती नाजूक. वारं बदललं की घरघर सुरू. डॉक्टरांनी धुळीपासून जपायला सांगितलं होतं. आता किल्लारीत ऊस सुरू झाल्यावर धुळीपासून कुठं जपायचं? उज्वला दाराला ओला पडदा लावायची, अंगण दिवसातून तीनदा शिंपायची, आणि झोपलेल्या लेकराच्या नाकापुढं बोट धरून बसायची.

एका सुट्टीच्या दिवशी रविकांतनं मला डब्यातून काढलं. मी काळा ठिक्कर. त्यानं मला बादलीत धुतलं तेव्हा पाणी चिखलासारखं झालं. उज्वला शिवांशला कडेवर घेऊन बघत होती. तिच्या तोंडाचा रंगच उडाला. ती सासूला म्हणाली, "आत्या, एवढी धूळ माझ्या लेकराच्या छातीत गेली असती. ह्यानंच अडवली बघा."

तिला वाटलं, गाडीत बसल्यावर शिवांशला लागणारी हवा मीच गाळतो. नाही गं बाई, मी इंजिनाचा आहे. मी हे कितीदा म्हणालो असेन. कुणाला ऐकू जाणार?

रविकांत मला पत्र्यावर वाळत ठेवून गावात गेला. बाटलीत तेलाचे चारच थेंब उरले होते. बाटलीबरोबरचा इंग्रजी कागद उज्वलानं काढला, एकेक अक्षर लावत बसली. अक्षरं लागत होती, अर्थ लागत नव्हता. कुणाला विचारावं तर मिस्त्री लातूरला, आणि बाईमाणसानं गाडीचं विचारलं की माणसं हसतात.

चुलीवर करडईचं तेल कोमट होत होतं, लसूण-ओवा घालून. ते शिवांशच्या छातीला चोळायचं होतं. तिनं आधी त्याला चोळलं, मग वाटीत उरलेलं सगळं माझ्यावर ओतलं. थोडं तेल थोडी धूळ धरतं, तर जास्त तेल जास्त धरील, असा तिचा साधा हिशोब. लेकराला लावावं तसं बोटांनी घडीघडीत जिरवलं. मी अजून आतून ओलाच होतो.

शरणम्मा उंबऱ्यात बसून तूर निवडत होती. म्हणाली, "अगं यव्वा, फिल्टरला न्हाऊमाखू घालून राहिलीस की काय? आता ह्याला टोपडं बी शिव."

उज्वला हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. मला वाटलं, हिला सांगता आलं असतं तरी ह्या घडीला मी सांगितलं असतं का?

रविकांत आला. तेल लावून ठेवलंय, एवढंच ती बोलली. त्याला वाटलं, बाटलीतलंच असेल. त्यानं मला डब्यात बसवलं आणि क्लिपा लावल्या.

माझ्यापुढं नळीत एक केसाएवढी बारीक तार आहे. आत किती हवा गेली ते ती मोजते, आणि त्या मापानं इंजिनाला डिझेल मिळतं. गाडी जशी पळायला लागली तसं माझ्या अंगावरचं तेल हवेबरोबर सुटलं आणि त्या तारेवर जाऊन बसलं, तिचं माप चुकायला लागलं. मला कळत होतं. धरून ठेवायला हात नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी शिवांशला धाप लागली. बरगड्या आत ओढल्या जात होत्या, ओठ निळसर पडले होते. लातूरच्या दवाखान्यात न्यायला रविकांतनं गाडी काढली. औशाच्या अलीकडं पुढं उसाची ट्रॉली आली. त्यानं ओव्हरटेक करायला पाय दाबला आणि गाडीनं जोरच धरला नाही. धक्के खाल्ले, काळा धूर सोडला आणि कडेला बंद पडली.

रविकांतनं बोनट उघडलं. उज्वला लेकराला पदराखाली धरून धुळीत उभी होती. तिनं विचारलं, "फिल्टर तर ठीक हाय ना? मी त्याला पोटभर तेल पाजलंय."

रविकांतनं डबा उघडला. मी निथळत होतो. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आपल्या बोटांकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. मला सीटवर टाकलं, हात करून एसटी थांबवली, आणि तिघं चढून गेली.

बंद गाडीत, उन्हात मी पडून राहिलो. लेकरू पोचलं का, तेवढंच विचारायचं होतं. रस्त्यानं गाड्या जात होत्या. काचेवर धूळ साचत होती.

दुपार कलल्यावर रविकांत भुजंगला घेऊन आला. लेकराला ॲडमिट केलंय, मशीनची वाफ चालू आहे, असं त्याच्या बोलण्यातून कळलं. भुजंगनं मला उचलून वास घेतला.

"करडईचं हाय हे. लसूण-ओवा बी. कुणी लावलं रे?"

"मीच लावलं," रविकांत म्हणाला.

भुजंगनं तार साफ केली, डब्यात कागदी फिल्टर बसवला आणि मला आणून दुकानातल्या खिळ्याला अडकवलं.

लेकराला ॲडमिट केल्यापासून पाचव्या दिवशी उज्वला दुकानात आली. कडेवर शिवांश, टॉवेलात गुंडाळलेला. दवाखान्यातून सोडलं होतं. तिनं मला ओळखलं.

"त्यांनी न्हाई, मी लावलं तेल," ती भुजंगला म्हणाली. "लेकराला चांगली हवा मिळावी म्हणून."

भुजंगनं पाना खाली ठेवला. "वैनी, ह्याच्यातली हवा इंजिनला जाते. माणसाला न्हाई."

तिनं लेकराभोवतीचा टॉवेल घट्ट केला. मग म्हणाली, "मंग माझ्या लेकराची हवा कोण गाळतंय?"

"काही गाड्यांत बसणाऱ्यासाठी वेगळी जाळी असती. तुमच्या गाडीत न्हाई. काच लावून घेत जा."

"काच लावली की उकडतंय. उकडलं की रडतंय. रडलं की धाप लागती."

भुजंगनं परत पाना उचलला.

शिवांशनं हात लांब करून माझी जाळी धरली. तोंड इतकं जवळ आणलं की त्याचा श्वास माझ्या पदरांतून आरपार गेला. आत बारीक शिट्टी वाजत होती. आयुष्यात पहिल्यांदा माणसाची हवा माझ्यातून गेली, आणि ती शिट्टी मला गाळता आली नाही. बाहेर रविकांतनं हॉर्न दिला. तिनं लेकराची बोटं एकेक करून सोडवली.

मी अजून खिळ्यालाच आहे. माझ्यासारखा कुणी तुमच्या गाडीत असेल, तर नुसतं धुतला की नवा एवढ्यावर जाऊ नका. कागद वाचा, आणि वाचून कळलं नाही तर कुणी हसलं तरी विचारा. आणि किल्लारीकडं गेलात तर त्या लेकराच्या छातीला एकदा कान लावा. काय ऐकू आलं, ते मला येऊन सांगा.