थंड अंग

गावाचं धुणं धुणारी मावशी गाठोडं डोक्यावर घेऊन गरम झऱ्यावरून माघारी वळली, तेव्हा मिस्त्री मान खाली घालून वीजयंत्राची जाळी घासत होता. गावानं तिला झरा बंद केला होता. तिच्या साबणाचा फेस यंत्रात गेला आणि वीज मेली, असं सगळे म्हणत होते. खरं काय ते एकट्या मिस्त्रीला ठाऊक होतं.

झऱ्याचं पाणी जमिनीतूनच उकळत यायचं. तिथं यंत्राच्या, वीज करणाऱ्या पट्ट्या बसवल्या होत्या. त्यांच्या एका अंगाला झऱ्याचं कढत पाणी, दुसऱ्या अंगाला ओढ्याचं गार पाणी. दोहोंत फरक जेवढा, वीज तेवढी. वीज थोडीच, पण दवाखान्यातला लसींचा फ्रीज तिच्यावर चालायचा. देखभाल मिस्त्रीकडं. यंदा ओढा आटत आला, त्याच्या वांग्यांनी माना टाकल्या. एक दिवसापुरतं म्हणून त्यानं गार पाण्याचा पाइप मळ्यात वळवला. एकाचे तीन दिवस झाले. पट्ट्या दोन्ही अंगांनी तापल्या, फ्रीज बंद पडला. त्यानं गुपचूप पाइप परत वळवला, तोवर लसी नासल्या होत्या. नर्सबाई आठवड्यानं आल्या आणि सगळ्या लसी फेकून दिल्या. बाया लेकरं घेऊन तशाच परत गेल्या.

कुणीतरी साबणाचं नाव काढलं. मिस्त्री म्हणाला, "असंल बुवा." चोर सोडून संन्याशाला फाशी.

मावशी आता ओढ्याच्या गार पाण्यात धुवायची. मळ निघेना, हातांना भेगा पडल्या. एकदा वाटेत भेटली तर म्हणाली, "माझ्यापायी तुला बोलणी बसली, मिस्त्री. मनात ठेवू नकोस."

त्या दिवशी बायकोनं ताटात मळ्यातली वांगी वाढली, ती त्यानं तशीच बाजूला सारली.

नव्या लसी आल्या त्या दिवशी दवाखान्याच्या ओट्यावर, बायाबापड्यांसमोर, तो बोलला. "लसी मावशीनं नाही, मी नासवल्या. गार पाणी मी मळ्यात नेलं."

"आणि महिनाभर गप्प बसलात?" नर्सबाईंनी विचारलं. यंत्राची किल्ली तिथंच काढून घेतली गावानं.

तिथून तो मावशीच्या दारात गेला. ती एकटीच ओल्या चादरीशी झटत होती. त्यानं सगळं सांगितलं.

"लेकरांचं माझ्या हातून वाईट झालं म्हणून महिनाभर डोळ्याला डोळा नाही लागला माझा," ती म्हणाली. "ते कसं भरून देशील?"

मग तिनं चादरीचं दुसरं टोक त्याच्याकडं फेकलं.

"धर. पीळ."

ती एकीकडून, तो दुसरीकडून. पाणी निथळायचं थांबलं तरी ती सोड म्हणेना. तो पिळत राहिला.