खिडकीखालची चूल

मित्रांनो, मी एक जुनी चूल आहे. वय बरेच झाले, पण त्या मानाने माझ्या तोंडाला काजळी कमी. चुलीला ही काही शोभणारी गोष्ट नव्हे.

भंडारा जिल्ह्यातल्या एका मोठ्या तलावात टेकड्यांचे बेट आहे. तिथे एका मालगुजाराने, म्हणजे जुन्या जमीनदाराने, शिकारीसाठी घर बांधले होते. शिकार बंद झाली, तेव्हा त्याच्या मुलांनी ते घर पाहुण्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. कवडू नावाचा नावाडी डोंग्यातून, म्हणजे लहान लाकडी होडीतून, पाहुण्यांना आणी, नेई आणि घर सांभाळी. बेटावर दुसरे कोणी राहत नसे. पाणी आणि पाखरे, एवढाच आवाज.

१९७६ च्या हिवाळ्यात सिहोऱ्याचे किराणा दुकानदार पुंडलिकराव आणि त्यांची बायको शकुनबाई पाच दिवसांसाठी तिथे आले. लग्नाला बरीच वर्षे झाली होती, पण दोघे पहिल्यांदाच कुठे राहायला गेले होते. घरात चूल नव्हती. पाहुणे बाहेर तीन दगडांवर शिजवत. शकुनबाईंनी पहिल्याच सकाळी काठावरची माती आणली, तिच्यात भाताचा कोंडा मिसळला आणि तुडवायला लागल्या.

पुंडलिकराव हसले. "घरी बी चूल, अन् इथं बी चूल! आराम कराले आलो का कामाले?"

"तुमी करा जी आराम. माहा आराम हाच आहे."

त्यांनी मला खिडकीखाली घातले. कवडू म्हणाला, "बाई, कोपऱ्यात घालाची ना. इथं वारा लागते."

"लागू दे. घरची चूल भिंतीपुढे आहे, बापू. इतके वर्स भिंतच पाह्यली. इथं भात शिजेल तवर मी पाणी पाहीन."

असा माझा जन्म झाला. रोज त्या माझ्यावरून ओला हात फिरवत, भेग दिसली की बुजवत. ओली चूल पेटवली तर तडकते, म्हणून वाळेपर्यंत त्याही बाहेर दगडांवरच रांधत होत्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी बोटाने टकटक केले आणि खूश झाल्या. "कवडू, उद्या दूध आणजो. उतू घालून पयला जाळ लावतो."

तेवढ्यात पुंडलिकराव आत आले. "उद्या बाजार आहे. सकाळीच निघू."

"अजी, एक दिवस थांबू ना."

"दुकान बंद दिसलं तं गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. पुढच्या वर्सी येऊ. बेट का पळून चाललं?"

सकाळी निघताना शकुनबाई कवडूला म्हणाल्या, "मी येतपर्यंत कोनाले पेटवू नोको देजो."

कवडूने शब्द पाळला. पाहुणे येत, माझ्याजवळ लाकडे आणत. तो आडवा होई. "बाईनं केली आहे हे चूल. पयला जाळ तेच लावतील." पाहुणे माझे कौतुक करत आणि बाहेर दगडांवर रांधत. मी वाट पाहत राहिले. पुढचे वर्ष आले, त्याच्या पुढचेही आले. एका पावसाळ्यात छपराचे कवेलू फुटले आणि माझ्या कच्च्या अंगावर पाणी गळले. माझी एक बाजू विरघळून गेली. एकदा जरी पेटले असते, तरी माती पक्की झाली असती.

१९८४ मध्ये पुंडलिकराव आले. एकटेच.

कवडूने विचारले, "सेठजी, बाई नाही आल्या?"

"मागच्या वैशाखात गेली, कवडू."

कवडू खाली बसला. मग त्याने त्यांना माझ्यापुढे आणले. "कोनाले हात लावू देला नाही, सेठजी. पन पानी मले थांबवता नाही आलं."

पुंडलिकरावांनी काठावरची माती आणून माझी बाजू लिंपली. हाताला सवय नव्हती, ओबडधोबड लिंपली. वाळायला हवे तेवढे दिवस ते राहिले. मग दूध ठेवले आणि मला पेटवायला बसले. आयुष्यात त्यांनी चूल पेटवलेली नव्हती. सगळी खोली धुराने भरली.

"लाकडं इतके कोंबू नोका ना जी! हवा कुठून जाईल?" कवडू ओरडला.

शेवटी लाकडांनी जाळ धरला. दूध उतू गेले. त्यांनी भात टाकला आणि खिडकीतून बाहेर पाहिले. पाण्यावर पाखरे उतरत होती. भात खाली लागला, वास सुटला, तरी त्यांची मान वळली नाही.

"हे पाह्याचं होतं तिले," ते म्हणाले. "एवढंच."

दुसऱ्या दिवशी सिहोऱ्याचा बाजार होता. सकाळी कवडूने काठाला डोंगा लावला आणि हाक मारली. पुंडलिकराव माझ्यापुढे बसले होते.

"आज नाही," ते म्हणाले.

त्यानंतर येणारे सगळे पाहुणे मला पेटवतात. मित्रांनो, चूल न पेटवता जपली, तर ती विरघळते. म्हणून मला जपायचे असेल, तर माझ्यावर रांधा. आणि घरातल्या कुणी एक दिवस मागितला, तर तो पुढच्या वर्षावर टाकू नका.