पंगतीतली जागा

रमजानात आमच्या अलेक्झांड्रियाच्या इस्पितळात संध्याकाळी येणारा प्रत्येक पेशंट 'उपवासानं चक्कर आली' असंच सांगत येतो. बयूमीकाकांना आणणाऱ्यांनीही तेच सांगितलं. मशिदीबाहेर फुकट इफ्तारची पंगत बसते, तिथं रोजा सोडायची तोफ उडायच्या आधीच काका मसुराच्या सूपवर कोसळले होते. लोकांनी त्यांच्या तोंडात खजुराचं सरबत ओतलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका म्हणून मी घसा कोरडा करते, पण ऐकतंय कोण!

हाक मारली तर ओ नाही, आणि बुबुळं आपली भिरभिरतायत. खिशात नावाचं ओळखपत्र आणि फिटच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली.

"रावया सिस्टर, हा कसला उपवास?" डॉक्टर शेरीन म्हणाली. "भरमसाट गोळ्या गिळल्यात यांनी."

आम्ही घशात नळी घालून श्वासाचं यंत्र लावलं. नाकातून पोटात दुसरी नळी घातली आणि त्यातून औषधी कोळशाचं काळं पाणी पुन्हापुन्हा सोडत राहिलो, म्हणजे उरलेलं विष तो शोषून घेईल. सकाळी काकांची बोटं हलली. मी खूश झाले. दुपारी काका पुन्हा गाढ बेशुद्ध! हे फिटचं औषध महालबाड, आतडी सुस्त करून ठेवतं आणि मागाहून रक्तात उतरतं. शेवटी डायलिसिसवर घेतलं.

बाहेर इतर पेशंटांच्या घरच्यांनी डबे, उशा, पोरंबाळं आणून संसार थाटला होता. काकांचं कुणीच आलं नाही. आणणाऱ्यांना फोन केला, तर त्यांना काकांचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. "ते होय, कोपऱ्यातल्या खुर्चीवरचे," म्हणाले. मला रडू आलं, आणि त्या लोकांचा रागही आला.

काका शुद्धीवर आले, नळ्या निघाल्या, साध्या वॉर्डात आले. मी फैलावर घेतलं.

"काय हो काका, जीव द्यायचा होता का?"

"छे गं पोरी! दिवसा गोळी घेतली तर रोजा मोडतो. म्हणून दिवसभराच्या सगळ्या पहाटेच, सहरीच्या जेवणाला घ्यायचो. त्या पहाटे हात थरथरला. मागच्या वर्षी पंगतीतच फिट आली होती. नंतर माझ्या शेजारी कुणी बसेना. म्हटलं, या वर्षी नको. घेतल्या मूठभर."

"आजाऱ्याला रोजा माफ आहे. खुशाल जेवायचं, गोळी वेळेवर घ्यायची."

"मग संध्याकाळी कुठं बसू?"

"तिथंच की! रोजा होता का, असं तिथं कोण विचारतंय?"

"मला कुणी काहीच विचारत नाही, पोरी. त्यांच्यासोबत दिवसभर उपाशी राहतो, तेवढाच मी त्यांच्यातला."

मी त्यांची उशी सारखी केली आणि पुढच्या खाटेकडे वळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोळी आणि दह्याची वाटी घेऊन गेले. वॉर्डातले बहुतेक जण रोज्यात होते. काकांनी गोळीकडे बराच वेळ पाहिलं, मग गिळली.

"पडदा ओढ गं," ते म्हणाले.

मी पडदा ओढला. आत चमचा वाटीला लागत होता, शेजारच्या खाटेला ऐकू जाऊ नये इतका हळू.