भाता मिटलेली पेटी

हेमांगीचे सासरे गेले आणि झुंबरबाईंनी सुनेची पेटी माळ्यावर टाकली. "वरीसना दुखवटा शे, बाई. घरमा पेटी वाजनी ते लोके काय म्हनतीन?" हेमांगीनं मान डोलावली. धरणगावच्या माहेराहून आलेली तेवढीच एक वस्तू तिची म्हणावी अशी होती, पण वर्षाचाच तर प्रश्न होता.

तिचा नवरा ललित धुळ्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याला नेमकी त्याच वर्षी कला सुचली. खिडकीतल्या उन्हात पेटी वाजवणारी बायको, आणि तीही इम्प्रेशनिस्ट पद्धतीनं, नुसत्या रंगांच्या फटकाऱ्यांत! पेटी खाली आली. "भाता उघडू नकोस, नुसते हात ठेव," तो म्हणाला. "सूर निघाला तर आई घर डोक्यावर घेईल. वर्षश्राद्ध झालं की वाजव हवी तेवढी."

त्या शब्दावर ती दुपारच्या दुपारी मुक्या पेटीपुढे बसली. बोटं शिवशिवायची, मनातल्या मनात ती भूप आळवायची. आणि पठ्ठ्यानं दोन्ही हात पट्ट्यांवर रंगवले, भात्याला हातच नाही! तिनं दाखवून दिलं तर म्हणाला, "तुला त्यातलं काय कळतं?" बापजन्मी ज्यानं पेटीला बोट लावलं नाही, तो हे सांगत होता.

चित्र जळगावच्या प्रदर्शनात गाजलं. तिथल्याच एका डॉक्टरीणबाईंनी ते दिवाणखान्यासाठी घेतलं आणि शोभेला खाली ठेवायला खरी पेटीही मागितली. ललितनं ती परस्पर देऊन टाकली. वर बायकोलाच ऐकवलं, "चित्रात आहेस की तू, कायमची." वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण घरात सासूबाई होत्या, ती श्राद्धाच्या तयारीला लागली.

श्राद्ध उरकल्यावर डॉक्टरीणबाईंनी दोघांना जेवायला बोलावलं. भिंतीवर चित्र, खाली चौरंगावर पेटी, पेटीवर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी. पाहुणे लांब उभे राहून, डोळे बारीक करून वाहवा करत होते. आता कुणाचा दुखवटा आड येत नव्हता. हेमांगीनं फुलदाणी बाजूला ठेवली, मांडी घातली आणि भाता ओढला. भूपाचे सूर निघाले तसे पाहुणे चित्र सोडून तिच्याकडे वळले.

"ऊठ, तमाशा करू नकोस," ललित दातओठ खात म्हणाला.

ती वाजवत राहिली. डॉक्टरीणबाई मात्र खूश झाल्या. चित्राखालीच उभ्या राहून त्यांनी मोठ्या कौतुकानं विचारलं, "अय्या वहिनी, तुम्हाला पेटी वाजवतापण येते?"