उपाशीपोटची गर्जना

फ्रान्सच्या दक्षिणेकडल्या गॅस्कनी मुलखाच्या रिवाजानं घर-शेत थोरल्या भावाला गेलं आणि धाकट्या पेयरोला उरली ती राजाची पलटण. भरतीचा कप्तान दारात आला, तशी पेयरोची आई मार्गलिद लगबगीनं उंबऱ्याशी आली. तिनं लेकाला बजावलं होतं, "बढाई मारू नकोस रे. आपल्या मुलखाच्या नावावरून पॅरिसवाले फुशारकीला 'गॅस्कोनाड' म्हणतात. बोर्दोच्या बंदरावरच्या इंग्रजांनीही तो शब्द उचललाय म्हणे."

कप्तानानं विचारलं, "काय येतं रे तुला?"

"थोडी तलवार चालवतो, साहेब," पेयरो खालमानेनं म्हणाला.

"थोडी? अरे, मीही गॅस्कनीचाच! आपला गडी उपाशीपोटी गर्जतो, तोच तोफेपुढं टिकतो. हे तर मेंढरू निघालं!" कप्तान घोड्याकडे वळला.

आता लेक कुणाच्या दारी भाकरी मागणार? मार्गलिद ओरडली, "अहो साहेब, मीच गप्प केलंय त्याला! मागं हा नुसता खाकरला, तर तिकडं स्पेनचा राजा खाटेखाली लपला!"

कप्तान खो खो हसला नि सोबतच्या शिपायांना म्हणाला, "घ्या रे याला!"

पेयरो हरखून निघाला. मार्गलिद मात्र उंबऱ्यावर बसूनच राहिली. लेकाला भाकरी मिळवून दिली, की आपल्याच तोंडानं त्याला लढाईवर धाडलं, हे तिला कळेना.