रिकाम्या ड्रमचा आवाज

सरकारी वकिलाने त्या सकाळी ‘पाठ’ हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की काकूंच्या डोक्यात तिडीक गेली. मयत पाठमोरा होता. मयताने भांडण सोडून पाठ फिरवली होती. जखम डोक्याच्या मागच्या बाजूला आहे, पुढे नाही. बोलताना तो मधूनमधून स्वतःही वळून पाठ दाखवत होता. जणू काय कोर्टातल्या लोकांनी आजवर पाठ पाहिलीच नव्हती.

मयत म्हणजे काकूंचा एकुलता एक मुलगा. ज्या इस्त्रीने तो मेला ती त्यांच्याच लाँड्रीतली, जुनी, जड, चादरींसाठी ठेवलेली. आणि ती ज्या हातात होती तो त्यांच्या सुनेचा हात. ती आरोपीच्या पिंजऱ्यात मान खाली घालून उभी होती. मनगटावर अजून तो वेडावाकडा फुगवटा दिसत होता. मागच्या वेळी मोडलेलं हाड नीट बसलंच नव्हतं.

“नवरा-बायकोत भांडणं कुठे होत नाहीत?” सरकारी वकील म्हणाला. “झालं, वाजलं, संपलं. हा माणूस शांत झाला आणि कामाला लागला. मशीनमध्ये हॉटेलच्या चादरी टाकल्या, मशीन सुरू केलं. पोलीस आले तेव्हा ते चालू होतं, आत चादरी होत्या. साहेब, जो माणूस कपडे धुवायला टाकतो तो कुणाचा जीव घ्यायला निघालेला नसतो. मग स्वसंरक्षण कुणापासून? चादरींपासून?”

दोघं-तिघं हसले. वाक्य झकास होतं, यात शंका नाही. फक्त त्या चादरी त्याने टाकल्याच नव्हत्या. त्या काकूंनी टाकल्या होत्या.

हे काकूंनी पहिल्याच दिवशी पोलिसांना सांगितलं होतं. फौजदारसाहेबांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि हवालदाराला म्हणाले, “म्हातारीला धक्का बसलाय, चहा द्या.” पोटचा मुलगा रक्तात पडलेला असताना कोणती आई आधी मशीन भरते? त्यांचंही चुकलं नव्हतं. काकूंनाही दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर पटलं नसतं.

मधल्या सुट्टीत वकीलबाई त्यांना व्हरांड्याच्या कोपऱ्यात घेऊन गेली. सुनेच्या बाजूने उभी राहिलेली ही मुलगी वयाने सुनेएवढीच होती आणि काकूंशी बोलताना तिचा आवाज नकळत खाली यायचा.

“काकू, कायदा आंधळा नाही. समोरचा जिवावर उठलाय असं खरोखर वाटलं आणि सुटायला दुसरी वाट नसली, तर त्याचा जीव गेला तरी तो गुन्हा होत नाही. पण धोका त्या क्षणी समोर असायला हवा. कालचा चालत नाही, उद्याचाही चालत नाही. त्याने तिचा गळा दाबला होता, तिच्या गळ्यावर वळ आहेत. पण मग त्याने गळा सोडला आणि मशीनकडे गेला. सगळी केस त्या चार पावलांवर अडलीय. तो थांबला होता, की थांबला नव्हता?”

“थांबला नव्हता.”

“हे तुम्ही कशावरून म्हणता, ते त्यांना सांगावं लागेल. चादरी मी टाकल्या एवढ्याने भागणार नाही. का टाकल्या, ते विचारतील.”

ते काकूंनी वकीलबाईलाही सांगितलं नव्हतं.

वकीलबाई आत गेली तसे काकूंचे दीर काठी टेकत आले. कुणाच्या घरात लग्न असो की मयत, हे गृहस्थ सल्ला घेऊन हजर.

“वहिनी, जरा विचार करून बोला. पोरगा गेला तो गेला, आता त्याची अब्रू तरी राखा. माझा भाऊ देवमाणूस होता, त्याचं नाव चव्हाट्यावर आणू नका. ती काय, परक्या घरची.”

देवमाणूस. काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. या देवमाणसाच्या घरी हे दीर जेवायला यायचे, काकूंच्या ओठाला टाके दिसायचे आणि हे विचारायचे, पुन्हा जिन्यावरून पडलात का वहिनी? घरात सगळ्यांना जिना चढता येत होता, फक्त काकूच पडत होत्या.

“भावोजी,” काकू म्हणाल्या, “परक्या घरची मीही होते.”

साक्षीला उभं राहिल्यावर काकूंनी आधी पदर नीट केला. मग सुनेकडे पाहिलं. तिने मान हलवली, नको म्हणून. मूर्ख पोर. पिंजऱ्यात उभी राहूनसुद्धा सासूची लाज झाकायला निघाली होती.

“मी वर, खोलीत होते,” काकूंनी सुरुवात केली. “दुकानाच्या वरच राहतो आम्ही. दुपारची वेळ. खाली आधी याचा आवाज चढला, मग ती ओरडली, मग ओरडणं मधेच तुटलं. आणि मग मशीनचा ड्रम फिरायला लागला. रिकामा.”

“रिकामा आहे हे वरून कसं कळलं?” सरकारी वकिलाने विचारलं.

“भरलेला ड्रम धपाधप आपटतो. ओल्या चादरी वर जातात आणि खाली पडतात, जमीन हादरते. रिकामा नुसता घोंघावतो. लाँड्रीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण मला ते धंद्यामुळे ठाऊक नाही.”

इथे त्या थांबल्या. समोर पहिल्या बाकावर दीर काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांच्या मागे शेजारचा चष्मेवाला होता. काकूंच्या दुकानाची आणि त्याच्या दुकानाची भिंत एकच. आदल्या दिवशी त्याने साक्ष दिली होती, मशीन चालू होतं, नेहमीसारखंच काम चाललं होतं. काकूंनी त्या दोघांकडे एकदा पाहून घेतलं आणि वर्षानुवर्षं मूग गिळून बसलेलं तोंड उघडलं.

“माझा नवरा मला मारायच्या आधी ते मशीन चालू करायचा. कपडे टाकायला कुठे वेळ असतो? नुसतं बटण दाबायचं. बाहेर गिऱ्हाइकांना, शेजाऱ्यांना वाटावं, काम चाललंय. आधी एखादी ठेवून द्यायचा, मी ओरडले की सोडायचा, मशीनकडे जायचा, बटण दाबायचा, आणि परत यायचा. परत आल्यावर खरं सुरू व्हायचं. मुलगा बापाचं बघत मोठा झाला. अक्षरं गिरवायच्या आधी हे शिकला.”

कोर्टात कुणी हललं नाही. काकूंना राग आला तो याचाच. आता शांत बसतायत.

“आणि चादरी?” वकीलबाईने हळूच विचारलं.

“सगळं उरकलं की तो निघून जायचा. मशीन तसंच चालू. मग मी उठायची, मशीन थांबवायची, समोर असतील ते कपडे भरायची आणि पुन्हा सुरू करायची. कुणी डोकावलं तर रिकामं मशीन का फिरतंय म्हणून विचारेल ना. तोंड नंतर धुवायची, आधी मशीन भरायची. सुनेलाही मीच शिकवलं.” काकूंचा आवाज पहिल्यांदा फुटला, पण रडून नाही. “त्या दिवशी खाली आले. हा पडलेला. ती भिंतीला टेकून बसलेली, इस्त्री मांडीवर. आणि रिकामा ड्रम घोंघावतोय. माझ्या हातांनी मशीन थांबवलं, चादरी भरल्या, बटण दाबलं. मग मी माझ्या पोराजवळ बसले. मेल्यावरसुद्धा मी त्याचं झाकलं, आणि त्या झाकण्यावरून तुम्ही हिला फासावर चढवायला निघालात.”

सरकारी वकिलाने घसा साफ केला. माणूस वाईट नव्हता, पण हातातली केस निसटताना दिसली की भला माणूसही चिवट होतो.

“आजी, समजा तुमचं सगळं खरं. तरी त्याने गळा सोडला होता. तो मशीनकडे चालत गेला, तेवढा वेळ हिला मिळाला. विचार करायला मिळाला. पळायला मिळाला.”

“पळायला दार लागतं. दार मशीनच्या पलीकडे आहे, म्हणजे त्याच्या पलीकडे. पंचनाम्याच्या नकाशात बघा.”

“ओरडता आलं असतं.”

“ओरडली ना. म्हणून तर तो मशीन लावायला गेला.”

त्याने कागद उलटले. “म्हणजे हिला वेळ मिळाला, हे तुम्ही मान्य करता.”

“हो, मिळाला. तेवढाच मिळतो. तुम्हाला हवंय की त्याने परत यावं, पुन्हा गळा धरावा, आणि मग हिने इस्त्री उचलावी. त्या मनगटाने? साहेब, तो समोर असताना ती इस्त्री हिच्याच्याने उचलून मारवली नसती. तुम्ही सकाळपासून पाठ पाठ करताय. आमच्या घरात पुरुषाने मशीनकडे पाठ केली म्हणजे मार संपला नाही, मार सुरू झाला.”

न्यायाधीश इतका वेळ लिहीत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“तुमच्या बाबतीत असं होई तेव्हा,” त्यांनी विचारलं, “तो मशीनकडे जाऊन परत येईपर्यंत तुम्ही काय करत होतात?”

“डोकं गुडघ्यात घालून बसायची,” काकू म्हणाल्या. “इस्त्री तेव्हाही तिथेच असायची.”

वकीलबाईने चष्मेवाल्याला पुन्हा बोलावून घेतलं. तो घाम पुसत उभा राहिला. काचेच्या फळ्यांवर फ्रेमा मांडून बसलेला माणूस. काकूंचा ड्रम भरलेला असला की त्याच्या सगळ्या फ्रेमा टकटक वाजायच्या. यावरून तो काकूंना नेहमी चिडवायचा, काकू, आज धंदा जोरात, माझे चष्मे नाचतायत.

“त्या दिवशी मशीन सुरू झालं तेव्हा फ्रेमा वाजल्या?”

“लगेच नाही,” तो म्हणाला. “आधी नुसतीच घरघर. मग मशीन बंद झालं, पुन्हा लागलं, त्यानंतर वाजायला लागल्या.”

“हे काल का सांगितलं नाहीत?”

“कुणी विचारलं नाही.”

“नुसती घरघर आधीही ऐकू यायची?”

चष्मेवाल्याने दुसऱ्यांना नंबर काढून देण्यात आयुष्य घातलं होतं. आता त्याला समोरचा माणूस दिसेनासा झाला. “यायची,” तो म्हणाला. “काकांच्या वेळेपासून यायची. वाटायचं, त्यांच्या घरातली गोष्ट आहे.”

दीर निकालाआधीच उठून गेले. जाताना काठीचा आवाज मात्र मुद्दाम केला.

निकाल लागला तो सुनेच्या बाजूने. न्यायाधीशांनी पुष्कळ लिहिलं होतं. त्यातलं काकूंना एवढंच कळलं की पाठ फिरवली म्हणजे धोका टळला असं धरता येत नाही, धोका ज्याला ठाऊक आहे त्याच्या जागी उभं राहून बघावं लागतं. काकूंना बरं वाटलं आणि लगेच संतापही आला. एवढी साधी गोष्ट कागदावर यायला त्यांचा मुलगा मरावा लागला. तो कसाही असला तरी लहानपणी त्यांच्या कुशीत झोपणारा होता, आणि हे त्या कुणाजवळ बोलू शकत नव्हत्या. सुनेजवळ तर नाहीच.

निकालानंतर दुकान पुन्हा उघडलं त्या सकाळी हॉटेलचे गठ्ठे आले. सुनेने चादरी ड्रममध्ये भरल्या, दार लावलं, आणि बटणापाशी तिचा हात थांबला. काकू उठल्या. तिच्या हातावर हात ठेवून त्यांनीच तिचं बोट बटणावर दाबलं. ड्रम फिरला, चादरी भिजल्या आणि धपाधप पडायला लागल्या. जमीन नेहमीसारखी हादरली. सून खाली बसली आणि किती तरी दिवसांनी मोठ्याने रडली.

तेवढ्यात दारात सावली पडली. चष्मेवाला धावत आला होता. हातात कुणाचा तरी अर्धवट जोडलेला चष्मा, धाप लागलेली.

“काकू, मशीन लागलेलं ऐकलं. म्हटलं बघावं. सगळं ठीक आहे ना?”

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस भिंतीपलीकडे बसला होता. नवऱ्याच्या वेळीही, मुलाच्या वेळीही. त्या दोन्ही वेळा उंबऱ्यापर्यंत यायला त्याला जितकी पावलं लागली असती, तितकीच आज लागली होती.

“आज भरलेला आहे ड्रम,” काकू म्हणाल्या. “भरलेला असताना कशाला विचारायला आलास?”